दोन माणसांची बोली

फाटक काकाजींना काहीही सांगितलं की ते आधी तेच जसंच्या तसं परत म्हणत आणि मगच उत्तर देत. "काकाजी, चहा घेता का?" "चहा घेता का. घेतो." "बसा, लाइट गेली आहे, अर्धा तास लागेल." "लाइट गेली आहे, अर्धा तास लागेल. बसतो." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस आपली टिंगल करतोय. माझ्या आईचं तर ठाम मत होतं की यांच्या डोक्यात फरक आहे. "तो बुढा तुह्या दुकानात कायले येऊन बसते?" असं ती दर मंगळवारी विचारी, आणि मी दर मंगळवारी तिच्यावर खेकसत असे.

अर्जुनी मोरगावच्या बाहेर, धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर रेल्वेचं एक फाटक होतं. तिथे ते गेटमन. खरं नाव पगारपत्रकावर होतं. गाव त्यांना फाटकवाले म्हणे आणि मी फाटक काकाजी. फाटकाशेजारी एक खोली, खोलीत हँडल फिरवायचा फोन. स्टेशनातून मास्तर सांगणार, "पॅसेंजर छूट गई, गेट बंद करो," की यांनी तेच शब्द न चुकवता परत म्हणायचे. परत म्हटलं नाही तर मास्तरांच्या लेखी निरोप पोचलाच नाही. मग रजिस्टरात वेळ लिहायची, फाटक पाडायचं, झेंडी घेऊन उभं राहायचं. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाला चहासुद्धा परत म्हटल्याशिवाय घेता येत नाही, हे मला हळूहळू कळलं. "सांगितलं म्हणजे झालं, असं नसते माय," ते म्हणत. "पलीकडून परत आलं, तं झालं."

बसस्टँडच्या रस्त्यावर माझं सायबर कॅफे होतं. म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि जीव खाणारं इंटरनेट. २००५-०६ ची गोष्ट. पोवाराच्या घरची बिनलग्नाची पोरगी दुकान मांडून बसली म्हणून गावात कुजबुज होतीच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी एका मराठी संकेतस्थळावर चाललेला खेळ वाचत बसायची. त्या खेळात एक कल्पनेतलं राज्य होतं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी राजकन्या, आणि आपल्या पात्राने पुढे काय केलं ते आळीपाळीने लिहायचं. पुण्यामुंबईची, परदेशातली माणसं लिहीत. मी नुसती वाचायची. लिहायची हिंमत नव्हती, आणि तसं कबूल करायचीही तयारी नव्हती.

काकाजी रजेचा अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. वर्षातून एकदाच रजा घेत, गोंडांच्या कचारगडच्या जत्रेसाठी. त्यांचं गाव तिकडलंच, सालेकसा तालुक्यातलं. बायको वारली होती, मुलगा आणि सून गावी शेती करत, आणि हे इकडे क्वार्टरमध्ये एकटे. अर्ज झाला तरी माणूस हलेना. माझ्या खांद्यामागून पडद्यावरचं वाचत उभे. मी वळून म्हटलं, "काय पाहून राहिले काकाजी?" "काय पाहून राहिले काकाजी. हे लोक कोण होत?" मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तुकड्यातुकड्याने परत म्हटलं आणि विचारलं, "आपल्याले घेतील का?"

मला हसू आलं, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पण त्यांना काही लागलं नाही. पात्र कोणतं घेणार विचारलं तर म्हणाले, जादूगार. "तलवारी बाकीच्याइपाशी आहेत. आन् तो एका जागी बसणारा नको. मले बारा घंटे गेट सोडता येत नाही. माह्या माणसानं तरी हिंडावं." त्या हिंडणाऱ्या जादूगाराचं नाव त्यांनी वेरूक ठेवलं. लिहिणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात मी काय टाकू म्हणून विचारलं, तर "फाटक" म्हणाले. झालं! पुण्याकडच्या मंडळींनी त्यांना फाटकसर करून टाकलं. कुणीतरी विचारलंसुद्धा, सर, आपण कुठे शिकवत होता? काकाजींनी मला उत्तर सांगितलं, "टाक, बारा घंटे एकाच जागी." मी हसून हसून बेजार.

त्या खेळात मंत्र म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. कुणी ह्रीं-फट लिही, कुणी इंग्रजी अक्षरं उलटी करून टाकी. काकाजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "वेरूक परमुलखातला आहे, तं त्याची बोली काऊन नसावी?" पुढच्या मंगळवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ते शंभर पानी वही घेऊन आले. वहीत चाळीस शब्द. पानावर रजिस्टरासारखे उभे रकाने आखलेले: शब्द, अर्थ, सांगितल्याची वेळ, ऐकल्याची वेळ. मी म्हटलं, "काकाजी, हे काय, शब्दांचं पण टाइमटेबल?" त्यांनी ते परत म्हटलं आणि अजिबात हसले नाहीत.

शब्द कुठून आणत, असं तुम्ही विचाराल. त्या खोलीतूनच. गाडी दिसायच्या आधी रुळावर तळहात ठेवला तर बारीक थरथर लागते, ती 'ओरुम'. गाडी गेली, फाटक उघडलं, धानाच्या रोवण्याला जाणाऱ्या बायका, सायकली, बैलबंड्या, ट्रॅक्टर सगळे दोन्ही बाजूंना निघून गेले की मागे फाटकावर जे उरतं, ते 'तिवे'. मी म्हटलं, मराठीत त्याला शांतता म्हणतात. "नाही होय," ते म्हणाले. "शांतता सकाळी बी असते. तिवे म्हणजे आत्ता पन्नास माणसं होती, आन् एकानं बी आपल्याशी बोललं नाही, ते." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, पावसाचं सांगावं तसं. मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

खरंच होतं ते. मीही त्या फाटकावर शेकडो वेळा थांबले असेन. बंद फाटकाशी थांबलेलं माणूस गेटमनशी एकच बोलतं, "खोल ना लवकर!" गाडी समोर दिसत असतानाही जो हॉर्न वाजवत राहतो, त्याच्यासाठी काकाजींच्या बोलीत शब्द होता, 'बकुट'. हा शब्द मला इतका आवडला की आम्ही तो दुकानात वापरायला लागलो. पान उघडायला दोन मिनिटं लागली की माउस आपटणारं गिऱ्हाईक आलं, की काकाजी कोपऱ्यातून हळूच म्हणत, "बकुट." मी परत म्हणे, "बकुट." गिऱ्हाईक बिचारं आमच्याकडे बघत राही.

खेळ चालवणारा एक पुण्याचा इंजिनियर होता. वेरूकची बोली त्याला भारी वाटली, पण त्याने सुचवलं, 'सर, तुमच्या भागात गोंडी बोलतात ना? तेच शब्द घाला की. फार गूढ वाटतील.' मी हे मोठ्याने वाचलं. काकाजींनी ते परत म्हटलं नाही. पहिल्यांदाच. मग म्हणाले, "माही माय त्या बोलीत मले जेवाले हाक मारे. त्यात गूढ काय आहे?" माझं डोकं असं भडकलं की मी त्या इंजिनियरला चार ओळींत सोलून काढणार होते. काकाजींनी हात वर केला. "फक्त नको म्हण." मी 'नको' एवढंच टाइप केलं. क्वार्टरमध्ये गोंडी बोलायला त्यांना कुणी नव्हतं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

त्यांच्या बोलीचा एकच कायदा होता, आणि तोच सगळ्यांना खुपे. वेरूकने मंत्र म्हटला की तो लगेच लागत नसे. सोबतच्या कुणीतरी तो शब्दन् शब्द परत म्हणायचा, मग लागे. इंजिनियर म्हणाला, यात मजा काय? जादूगाराने बोट दाखवावं आणि राक्षस जळावा. काकाजी ऐकेनात. "मंतर म्हणजे हुकूम नाही होय. निरोप होय. पलीकडं कोणी नसल तं निरोप कोणाले देता?"

एकदा त्या राज्यातल्या एका पुलावर राक्षस आला. सगळी टोळी अडकली. वेरूकने मंत्र म्हटला: 'ओरुम साका, तिवे नो.' जे येऊन राहिलं ते येऊ दे, आणि निघून जाऊ दे. मी विचारलं, मारत का नाही त्याला? "वेरूकले मारता येत नाही. रस्ता देता येते." आता कुणीतरी ते परत म्हणायला हवं होतं. पुढच्या मंगळवारी काकाजी आले, चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "कोणी उत्तर दिलं का?" नव्हतं दिलं. योद्धा परीक्षेला गेला होता, राजकन्येचं लग्न ठरलं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. "कोणी उत्तर दिलं का?" नाही. त्यांनी वही उघडली, कोऱ्या रकान्याकडे पाहिलं, मिटली. मला राहवेना. म्हटलं, "काकाजी, तुम्हीच लिहून टाका ना वेळ! कोण बघायला येणार आहे?" ते माझ्यावर चिडलेले मी त्या एकदाच पाहिले. "मागून भरलेलं रजिस्टर खोटं असते! माणसं मरतात त्यानं!"

तिसऱ्या मंगळवारी ते येण्याआधी मी नाव नोंदवलं. पात्र घेतलं पुलाखालच्या धोबिणीचं, कारण पुलाशी आयती दुसरी कोण असणार. धोबिणीने धुणं खाली ठेवलं आणि म्हटलं: 'ओरुम साका, तिवे नो.' काकाजी आले. त्यांनी विचारायच्या आधी मी खुर्ची बाजूला सरकवून पडदा दाखवला. त्यांनी ओठ हलवत दोनदा वाचलं. मग भिंतीवरच्या घड्याळात पाहून वहीत लिहिलं, अकरा वाजून चाळीस मिनिटं, ऐकलं. रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "तुह्या दुकानात धूळ लय आहे व माय." धूळ होतीच, पण तेवढी नव्हती.

तिथून पुढे मी त्या बोलीची दुसरी माणूस झाले. दुकानात शिरताना ते 'ओरुम' म्हणत, मी 'ओरुम' म्हणे. निघताना 'तिवे', आणि मी 'तिवे' म्हटल्याशिवाय पायरी उतरत नसत. मी फोनवर असले तर उन्हात थांबून राहत. शब्द वाढत साडेचारशेवर गेले. खेळ मात्र आटत गेला. माणसं लग्नाला लागली, नोकऱ्यांना लागली, दुसऱ्या संकेतस्थळांवर गेली. शेवटी नुसते वेरूक आणि धोबीण उरले. दोघं हिंडत, एकमेकांना रस्त्यातली झाडं सांगत. मग एका मंगळवारी ते पानच उघडेना. मी पाच-सहा वेळा खटपट केली. काकाजी म्हणाले, "राहू दे. आपण इथंच बोलू."

एक शब्द त्यांना सापडत नव्हता. फोनच्या पलीकडे मास्तर असतो. तो दिसत नाही, आपण त्याला दिसत नाही. तरी तो आहे आणि ऐकतो आहे, हे हँडल फिरवताना आपल्याला माहीत असतं. त्या पलीकडच्याला काय म्हणायचं? काकाजी वर्षानुवर्षं शब्द आणत आणि मोडीत काढत. हा फार कडक, हा फार लहान, हा त्या माणसासारखा वाटत नाही. मी वैतागून म्हणे, "मास्तरच म्हणा ना!" "मास्तर बदलीवर जाते," ते म्हणत.

माझं लग्न ठरलं गोंदियाला. दुकान चुलतभावाने घेतलं. शेवटच्या मंगळवारी काकाजी नेहमीसारखे आले, नेहमीसारखे गेले. लग्नाला ड्युटी आहे म्हणाले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वरातीची गाडी मला घेऊन निघाली आणि नेमकी त्यांच्याच फाटकावर अडली. फाटक पडलेलं. ड्रायव्हर लागला हॉर्न वाजवायला. माझ्या तोंडात 'बकुट' आला आणि मी पदराआडून बाहेर पाहिलं. काकाजी झेंडी घेऊन उभे होते, त्यांनीही माझ्याकडेच पाहिलं. दोघांनाही हसू आलं. मग ते चार पावलं गाडीकडे आले, खिडकीशी वाकले आणि एकच शब्द बोलले.

"एलोमा."

हा शब्द मी पूर्वी ऐकलेला नव्हता. पण कोणता असणार, हे मला तत्क्षणी कळलं. एवढी वर्षं शोधून तो सापडला होता आणि माझ्या वाटेवर आणून ठेवला होता. माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नणंद. नणंद म्हणाली, "कौन है भाभी? क्या बोल रहे?" नव्या घरची माणसं, अंगावर शालू, आणि हा खाकीतला म्हातारा काहीतरी भलतंच बोलतोय. मला लाज वाटली. हो, लाज वाटली, दुसरा शब्द नाही त्याला. मी म्हटलं, "बरं काकाजी, येते." ते तसेच वाकलेले राहिले. थांबले. चेहऱ्यावर तेच, माझ्या 'तिवे'साठी उन्हात पायरीवर थांबत तेव्हाचं. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी आली, ते पाठ फिरवून आपल्या जागेवर गेले आणि हिरवी झेंडी धरून उभे राहिले. गाडी गेली. फाटक उघडलं. आमची गाडी निघाली.

फोन करू, म्हणता म्हणता वर्षं गेली. मोबाइलवर असला शब्द कसा म्हणायचा, असंही वाटे. गोंदियात सगळा कारभार हिंदीत. दुपारी घरची माणसं आपापल्या कामाला गेली की दाराची कडी लावून मी स्वयंपाकघरात उभी राही, आणि एक दिवस मला कळलं की मी उभी आहे ते तिवे आहे. तो शब्द मी कुणाला सांगणार होते? नवऱ्याला एकदा सांगून पाहिला. चांगला माणूस आहे, पण तो म्हणाला, "अच्छा," आणि पेपर वाचायला लागला.

काकाजी रिटायर होऊन गावी गेल्याचं आईकडून कळलं. नंतर ते वारल्याचंही तिच्याकडूनच कळलं, तेही महिनाभराने. ती म्हणाली, "तो तुह्यावाला बुढा गेला म्हणतात." मी त्या वेळी तिच्यावर खेकसले नाही. फोन ठेवला आणि खूप रडले.

सालेकशाला एसटीने गेले, पुढे ऑटोने. घर शेणाने सारवलेलं, अंगण मोठं. सून सुपात तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगताच ती आत गेली आणि वही घेऊन आली. "बाबा सांगून गेले होते, अर्जुनीची ताई येईन तं तिले द्याची. आम्हाले त्यातलं काही समजत नाही." मी पानं उलटत गेले. साडेचारशे शब्द, प्रत्येकापुढे अर्थ, सांगितल्याची वेळ, ऐकल्याची वेळ. पुलावरचा मंत्रही होता. आणि सगळ्यांत शेवटी, त्यांच्या गोल अक्षरात: 'एलोमा. पलीकडचा, जो ऐकून राहिला आहे. सांगितलं, एक वाजून दहा मिनिटं.' त्यापुढचा रकाना कोरा होता. त्याखाली वहीत एकही शब्द नव्हता.

पिशवीत पेन होतं. मी ते काढलं, टोपण उघडलं, आणि परत लावून टाकलं. रकाना मला भरता येणार नव्हता. मग मी वही मिटली, अंगणात उभी राहिले आणि तो शब्द म्हटला. एकदा. मग जरा मोठ्याने, नीट, एकही अक्षर न चुकवता.

"एलोमा."

सुनेने सूप खाली ठेवलं आणि रस्त्याकडे मान वळवून पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. "कोणाले हाक मारून राहिल्या ताई?" तिने विचारलं.

"कोणाले हाक मारून राहिल्या," मी आधी परत म्हटलं, आणि मग तिच्याशेजारी बसून वहीचं पहिलं पान उघडलं.